बरी झालेली माती

आंबेखारात सगळ्यात आधी बिघडल्या त्या न्हाणीघरांच्या कड्या. खाडीकडच्या ओळीत सात घरं, सातांचीही न्हाणी मागच्या अंगाला, आणि एकेक करत सगळ्यांच्या दारांनी चौकटीशी भांडण काढलं. कडी लावायला जावं तर कोयंडा भलतीकडेच. बायकांनी सुताराला बोलावलं, सुतारानं कोयंडे खाली घेतले, आणि थोड्याच दिवसांत ते पुन्हा चुकले. तिसऱ्या खेपेला सुतारानं हात जोडले. दारं सरळ आहेत, घरांचंच काय ते बघा, असं सांगून तो निघून गेला. गावानं अर्थातच आधी त्याला शिव्या घातल्या.

घरांचं बघायला कोणाला बोलवायचं, हा प्रश्न आंबेखारात पडत नसे. हर्षाली घरत पनवेलला राहायची आणि रविवारी आईकडे यायची. गाव ज्या मातीवर उभं होतं ती मातीच मुळी हर्षालीची होती. म्हणजे तिनं शोधलेली.

पंधरा वर्षांपूर्वी खाडीखालून गेलेली तेलाची वाहिनी फुटली होती. एका रात्रीत भरतीनं कच्चं तेल गावाच्या बांधाआत आणून ओतलं. भातखाचरं, मिठागरं, अंगणं, सगळं काळं झालं. वर्षभरात घरं खचू लागली. सरकारनं लांब डोंगराकडे उंच इमारतींमध्ये जागा देऊ केल्या, आणि गावानं महामार्ग अडवून त्या नाकारल्या. हर्षाली तेव्हा तिशीचीही नव्हती. मृद्-अभियांत्रिकीतली नवी पदवी आणि आपल्याच गावाची तेलकट चिकणमाती, एवढंच तिच्या हाताशी होतं.

चिकणमातीचा कण चपटा असतो, अगदी सूक्ष्म पापुद्रा म्हणा ना. त्याच्याभोवती पाण्याचा पातळ थर असतो आणि त्या थराच्या आधारानं कण एकमेकांना धरून राहतात. तेल आलं की ते पाण्याला हुसकावून स्वतः कणांवर बसतं. मग कण एकमेकांवरून घसरू लागतात आणि माती भार घेईनाशी होते. अशा मातीत नायलॉनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे बारीक धागे कालवून तिला बळकटी आणायचे प्रयोग जगभर चालू होते. झाडाची मुळं बांधाला धरतात तसे हे धागे मातीला धरतात. अडचण एवढीच होती, की तेलकट मातीतून धागाही निसटतो.

हर्षालीनं उलटा विचार केला. पाण्यापेक्षा तेलाला जास्त धरणारा एक लेप तिनं धाग्यांवर चढवला. आता तेल माखलेला कण धाग्याला घट्ट बसू लागला. ज्या तेलानं माती बिघडवली तेच तेल मातीला चिकटवणारा सरस झालं. यंत्रात दाबून पाहिली तेव्हा ही माती मूळच्या स्वच्छ मातीपेक्षाही जास्त भार घेत होती. शिवाय तिला तडा जात नसे. तडा पडू लागला की धागे त्याला टाके घालत. गावातल्याच फाटक्या जाळ्या कापून धागे केले, तेलकट मातीत ते मिसळले, त्याचा उंच भराव रचला आणि त्यावर नवं आंबेखार बांधलं. देशोदेशीचे अभियंते बघायला आले. हर्षालीच्या अहवालात एक वाक्य असंही होतं, की या मातीत वनस्पती वाढणं शक्य नाही.

ते वाक्य कोणीतरी बेबीबाईला वाचून दाखवलं. बेबीबाई म्हणजे हर्षालीची आई. पाळण्यातलं नाव काही वेगळंच होतं, पण सत्तरी आली तरी ती गावाला बेबीच राहिली होती. तिला ते वाक्य झोंबलं. मागच्या परसात तिनं दुधीचं बी टोचलं. पहिल्या वर्षी वेल काळा पडून मेला. दुसऱ्या वर्षीही मेला. तिसऱ्या वर्षी मांडवावर चढला. हळूहळू ओळीतल्या सगळ्या बायकांनी परसात दुधी, कारली, शेवगा असं काय काय लावलं. तेलात उगवलेल्या भाजीचा फोटो वर्तमानपत्रात आला. तपासणीत भाजी निर्दोष निघाली. हर्षालीनं तो फोटो आपल्या व्याख्यानांत वर्षानुवर्षं दाखवला आणि टाळ्या घेतल्या. हे उगवलंच कसं, असं मात्र तिनं आईला कधी विचारलं नाही.

"बघ, एक तडा नाय," कड्यांचं ऐकून आलेल्या हर्षालीला घरांच्या मागच्या बाजूनं फिरवत नंदेश कडू म्हणाला. नंदेश तिच्याच वर्गात होता. आता गावसमितीचा अध्यक्ष झाला होता आणि त्या ओळीतच राहत होता. "दर उधाणानंतर आमी सगली बाप्ये मंडली तडा बघाला जातो. आमच्या आजापासून जातो. या भरावाला आजून चिरसुद्धा नाय परली."

आंबेखारचा हा जुना रिवाज होता. मोठी भरती ओसरली की पुरुषांनी बांधावरून चालत जायचं, तडा दिसला तर तिथंच चिखलानं बुजवायचा आणि मग घरी जाऊन जेवायचं. तडा नाही तर चिंता नाही, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. हर्षालीनं तडा न जाणारी माती दिली आणि गाव निर्धास्त झालं.

हर्षालीनं न्हाणीच्या फरशीवर पाणी ओतलं. पाणी मोरीकडे न जाता मागच्या भिंतीकडे गेलं. तिच्या मनात पाल चुकचुकली. माती फुटत नव्हती हे खरं, पण फुटत नव्हती म्हणूनच ती सरकतेय हे कोणाला कळलं नव्हतं.

तिनं प्रत्येक घराच्या पुढून आणि मागून मातीचे नमुने काढले.

पुढच्या अंगणातला नमुना नळीतून बाहेर आला तो काळा, टणक, डोकं उठवणाऱ्या वासाचा. मागच्या परसातला आला तो करडा. त्याला नुसता चिखलाचा वास होता. यंत्रात घातल्यावर तो निम्म्या भारालाच बसला, आणि आतले धागे चिमटीनं ओढले तर सहज निघून आले. त्यांना काहीच चिकटलेलं नव्हतं.

डॉक्टर फरझाना मुकादम हर्षालीच्याच संशोधन संस्थेत जीवाणूंवर काम करायच्या. हर्षालीनं त्यांच्याकडे करडी माती पाठवली, आणि दोन दिवसांनी फरझाना स्वतःच धावत वर आल्या.

"कोणाची आहे ही माती? काय घातलंय हिच्यात?"

"माझ्या आईच्या परसातली. काही घातलेलं नाही."

"काहीतरी घातलंय. ऐक, तेल खाणारे जीवाणू खाडीच्या चिखलात असतातच. तुझ्या भरावात त्यांच्यापुढे तेलाचं ताट वाढलेलं आहे, पण नुसतं तेल खाऊन ते वाढू शकत नाहीत. त्यांना नायट्रोजन लागतो, फॉस्फरस लागतो, थोडी हवा लागते. तुझ्या मातीत यातलं काहीच नव्हतं, म्हणून ते इतकी वर्षं उपाशी निजून होते. परसात त्यांना हे कोणीतरी रोज पुरवलंय. मी आयुष्यभर प्रयोगशाळेत जे करू बघतेय ते इथं झालंय, हर्षाली. तेल संपलंय."

फरझानांचा चेहरा आनंदानं फुलला होता. हर्षालीला त्यांचा राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली. रोज काय पुरवलं गेलं ते तिला एका क्षणात कळलं होतं. लहानपणापासून ती ते बघत आली होती.

बेबीबाई मागच्या दारात बसून निवट्या साफ करत होती. खाडीच्या चिखलातले हे मासे हर्षाली आली की हमखास व्हायचेच.

"आई, मासळीचं पाणी तू परसात कधीपासून टाकतेस?"

"नव्या घरान आल्यापासून. का गो?"

"रोज?"

"मासली रोज तं पानी रोज. पहिल्या सालान वेल जलाला, दुसऱ्या सालान जलाला. मी बोलले, जलतंस किती ती बघू. मंग सगल्याजनी टाकाला लागल्या."

हर्षाली उंबऱ्यावर बसली. मासळीच्या पाण्यात रक्त, खवले, आतडी, म्हणजे जीवाणूंना हवं ते सगळं होतं. वेलींच्या मुळांनी मातीत वाटा केल्या आणि हवा आत नेली. सात घरांच्या बायकांनी वर्षानुवर्षं भरावाच्या नेमक्या उताराकडच्या बाजूला हे खत घातलं. प्रयोगशाळेत हर्षालीनं मातीवर ऊन, पाऊस, खारं पाणी, सगळं करून पाहिलं होतं. मासळीचं पाणी टाकायचं तिला सुचलं नव्हतं. स्वतः त्या घरातली असून सुचलं नव्हतं, हे तिला जास्त लागलं.

तिनं आईला सगळं समजावून सांगितलं. बेबीबाईनं सुरी खाली ठेवून ऐकलं.

"म्हंजे मातीतला तेल गेला?"

"परसातलं बहुतेक गेलं."

"म्हंजे माती बरी झाली."

"हो."

"मंग तुजा तोंड असा का झाला?"

"आई, आपलं घर त्या तेलावर उभं आहे. तेल गेलं की धागे मातीला सोडतात. पावसाळ्यात उतार पाण्यानं भरेल, आणि उधाणानंतर ओहोटीला बाहेरच्या पाण्याचा टेका निघाला की हा सगळा काठ खाडीत जाईल. सातही घरं जातील. तुमच्यासकट."

मासळी धुतलेल्या पाण्याचं पातेलं उचलून बेबीबाई उभी राहिली आणि सवयीनं वेलाकडे वळली. मग थांबली. कुठं टाकावं ते तिला कळेना. शेवटी तिनं ते मोरीत ओतलं आणि मोरीचं पाणी आता मागच्या भिंतीकडे जातं हे बघत राहिली. हर्षालीला त्या क्षणी आपल्या सगळ्या विद्येचा वीट आला.

रविवारी सकाळी समाजमंदिरात बैठक झाली. हर्षालीनं काही लपवलं नाही. फरझाना बरोबर होत्या, त्यांनी जीवाणूंचं सांगितलं. ऐकताना बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आपण भाजी पिकवली म्हणून घर खाडीत चाललं, हे पचायला सोपं नव्हतं.

"उपाय बोल," नंदेश म्हणाला. "गाव सोडाचा तं सोडून बोल."

"धागे अजून मातीत आहेत. त्यांच्यावरचा लेप शाबूत आहे. त्यांना फक्त तेल हवंय." हर्षाली म्हणाली. "मागच्या परसात भोकं पाडून जड तेल सोडता येईल. मुळांनी वाटा केल्यात, त्यामुळे ते आत जाईल. वर सिमेंटची लादी घालायची आणि त्यानंतर तिथं काही लावायचं नाही, काही टाकायचं नाही."

तेलापायी महामार्गावर झोपलेली माणसं समोर बसली होती. त्यांतले काही तेव्हा लाठ्या खाऊन आले होते. मग मागून कोणीतरी विचारलं, की तेलाचा टँकर गल्लीत शिरेल का. तिथून पुढची चर्चा टँकरची, पायपांची आणि कोणाचं परस आधी याचीच झाली. माणसं वाईट नव्हती. त्यांना एकदा उठावं लागलं होतं आणि पुन्हा उठायचं नव्हतं.

"ता तेल एकदाच टाकाचा का?" बेबीबाईनं विचारलं.

"नाही," हर्षाली म्हणाली. "जीवाणू आता जागे झालेत. काही वर्षांनी पुन्हा तपासून पुन्हा घालावं लागेल."

"कवापर्यंत?"

"घरं आहेत तोपर्यंत."

"मंग मना नको."

एकच गलका झाला. नंदेशनं सगळ्यांना गप्प केलं आणि तो बेबीबाईच्या पुढ्यात येऊन बसला. "काकी, तुमचा घर कोपऱ्याला हाय. तुमची बाजू सुटली तं माजा घर सुटनार, मंग सगली घरांची ओल. तुमी एकट्या 'नाय' बोलू शकत नाय."

"तुमी टाका ना. मी कुठं तुमाला आडवतंय?"

घरी आल्यावर मायलेकींचं कडाक्याचं वाजलं. हर्षाली इतकी वर्षं गावाबाहेर राहून मऊ बोलायला शिकली होती, ते सगळं त्या दुपारी विसरली.

"तुझ्या चार दुध्यांसाठी सहा घरं घालवणार आहेस? मी सक्ती करू शकते, आई. धोक्याच्या जागी माझा शब्द चालतो. पोलीस आणून तेल सोडेन."

"सोड."

"मी खरंच सोडेन."

"मी बी खरंच बोलतंय. सोड." बेबीबाईनं पदर खोचला. "तुजा बापूस त्या सालान हातानं तेल काढत होता, म्हाईत हाय ना? बादल्या भरून. त्याला बोलले, आवरा समुद्राएवरा तेल तू हातानं काढनार? तो बोलला, मंग कोन काढनार? तेल काढता काढता गेला. मी इतकी वर्सं मासलीच्या पान्यानं तेल काढला, मना म्हाईत पन नव्हता. आता म्हाईत झाला, तं परत टाकू?"

हर्षालीनं डोळे पुसले आणि ती बॅग भरू लागली.

"तुना काय कमी पडतं ता सांग," आई मागून म्हणाली, आवाज आता खाली आला होता. "माती घराचा वजन घेत नाय, आसाच ना? तं वजन काढ. घर पाडा, परस ठेवा."

पनवेलला परत गेल्यावर हर्षालीनं हिशेब मांडला. खरं सांगायचं तर तो चुकावा म्हणूनच मांडला. उताराच्या माथ्यावरून आईच्या घराचा भार काढला, तेल नसलेल्या मातीची ताकद धरली, भरपावसातलं उधाण आणि ओहोटी धरली. काठ टिकत होता. तिनं आकडे आणखी कडक करून पाहिले, तरी टिकत होता. मग तिनं सातही घरं काढून पाहिली, आणि तेव्हा गावात कुठंच तेल घालायची गरज उरत नव्हती. माती तशीच बरी होत गेली असती. खाडीकाठी रिकामी परसं राहिली असती, आणि सात कुटुंबांना गावातच मागे कुठंतरी दाटीवाटीनं राहावं लागलं असतं.

तिनं हेही नंदेशला सांगितलं. त्यानं बाकीच्यांना विचारलं आणि स्वतः पनवेलला येऊन उत्तर दिलं.

"हिशोब बरोबर आसल तुजा. पन घर म्हंजे काय ता तुना म्हाईत हाय. एकदा पारला, आता नाय पारवत." मग म्हणाला, "काकी माज्या पुढच्या खोलीन राहतील. त्याची कालजी तू करू नको."

हर्षालीनं आईला पनवेलला यायचा आग्रह केला होता. चौथ्या मजल्यावर मी मासळीचं पाणी कुठं टाकू, असा आईचा सवाल होता आणि तिथंच तो विषय संपला.

बेबीबाईचं घर मेच्या सुरुवातीला उतरवलं. ओळीतल्या पुरुषांनीच ते केलं. कौलं, दारं, चौकटी, सगळं नीट काढून समाजमंदिरामागे रचलं. तिच्या जागेच्या आणि नंदेशच्या परसाच्या मध्ये हर्षालीनं खोल चर खणून जाड प्लॅस्टिकचा पडदा उभा केला, म्हणजे इकडचे जीवाणू तिकडे आणि तिकडचं तेल इकडे जाऊ नये. जमिनीच्या पोटात आई आणि गाव यांच्यामध्ये पडदा घालताना तिला फार वाईट वाटलं. काम मात्र तिनं चोख केलं.

मग टँकर आला. सहा परसांतले वेल त्या त्या घरच्या बायकांनी आदल्या संध्याकाळीच उपटून ठेवले होते. भोकं पाडून झाली होती, पायप जोडले होते. झडप हर्षालीनंच उघडायची होती. जबाबदारी तिची होती, आणि ती दुसऱ्या कोणावर टाकायला ती तयार नव्हती. नंदेशच्या परसापासून सुरुवात झाली. तिनं झडप फिरवली आणि तेल खाली उतरू लागलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग परसाची माती जागजागी हलू लागली. भोकांच्या कडेनं, उपटलेल्या वेलांच्या खड्ड्यांतून गांडुळं वर येऊ लागली. आधी पाचपन्नास, मग शेकड्यांनी. ओली, गुलाबी, तेलानं अर्धी काळी झालेली गांडुळं उन्हात वळवळत होती. या मातीत गांडुळं आली आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं. हर्षालीच्या नळ्यांतही कधी एक सापडलं नव्हतं. माणसं मागे सरकली. नंदेश दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत राहिला आणि त्यानं खाली मान घातली.

बेबीबाई आपल्या जागेतून उठून आली. हातात घमेलं होतं. ती मातीत वाकली आणि दोन्ही हातांनी गांडुळं गोळा करू लागली. पोरीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. नंदेशची बायको जरा वेळ उभी राहिली, मग तीही वाकली. मग बाजूच्या दोघी आल्या. घमेलं भरलं की बेबीबाई ते पडद्यापलीकडे आपल्या परसात नेऊन रितं करायची आणि परत यायची.

हर्षालीनं झडप बंद केली. टँकरवाला काय झालं म्हणून बघायला आला, त्याला तिनं हातानंच थांबवलं. परसातली दिसतील तेवढी गांडुळं उचलून होईपर्यंत ती उन्हात तशीच उभी होती. आई कंबर धरून सरळ झाली आणि घमेलं घेऊन शेजारच्या परसाकडे निघाली. ती कुंपणापलीकडे गेल्यावर हर्षालीनं झडप पुन्हा उघडली.